ठेका कोणाचा?

गतवर्षीच्या उत्सवाची पत्रिका अद्याप आमच्या टेबलावर आहे. गायिकेचे नाव ठळक टाइपात. त्याखाली हार्मोनियमच्या साथीस कोण ते. मग देणगीदारांची नावे, रकमेच्या उतरत्या क्रमाने. मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक कोणाकडून आले त्याचाही आभारपूर्वक निर्देश. तबल्याच्या साथीपुढे मात्र ‘स्थानिक कलाकार’ एवढेच दोन शब्द. पत्रिकेचा मजकूर आम्हीच सिद्ध केला होता आणि मुद्रितेही आम्हीच तपासली होती. त्या वेळी त्या दोन शब्दांत काही उणे आहे असे आम्हांस मुळीच वाटले नाही. पुढे फार दूरच्या एका माणसाची हकीकत आमच्या वाचनात आली आणि मग ते शब्द सलू लागले. तो माणूस अमेरिकेचा, कृष्णवर्णीय, आणि धंद्याने ड्रमवादक. देवालयाच्या सभामंडपाशी त्याचा काही संबंध नाही. परंतु त्याच्या चरित्राने जो प्रश्न उभा केला तो आपल्या चौकातही उभा राहतो, म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत.

त्याचे नाव क्लाइड स्टबलफील्ड. टेनेसी राज्यातील चॅटनूगा या गावी १८ एप्रिल १९४३ रोजी त्याचा जन्म झाला. गाव कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे. यंत्रांची धडधड व रुळांवरचा खडखडाट हेच आपले पहिले गुरू, असे तो सांगत असे. स्वरलिपीचे शिक्षण त्याने घेतले नव्हते. जे कानी पडले ते हाती उतरविले, एवढीच त्याची तालीम. १९६५ साली तो जेम्स ब्राउन या विख्यात गायकाच्या ताफ्यात दाखल झाला. ब्राउनचा ताफा म्हणजे एक प्रकारची लष्करी छावणीच होती. चूक झाली की वादकाला दंड होई. त्याच ताफ्यात जॉन स्टार्क्स हा दुसरा थोर ड्रमवादक होता आणि ही जोडी आळीपाळीने वाजवीत असे. १९६७ ते १९७० या काळात ब्राउनने ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांनी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा तोंडवळाच पालटला. पूर्वी गाणे स्वरावलीवर चाले आणि ताल त्याच्या मागून येई. आता ताल पुढे आला, आणि गिटार, तुताऱ्या, इतकेच काय खुद्द गायकाचा कंठदेखील तालवाद्यासारखा तुटक बोलू लागला. ‘फंक’ या नावाने ओळखली जाणारी ती शैली. तिची नावनिशी ब्राउनच्या नावे झाली आणि ते गैरही नव्हे. पण त्या इमारतीच्या पायात जे दगड होते, त्यांतला एक स्टबलफील्डचा हात होय.

२० नोव्हेंबर १९६९ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरी एक ध्वनिमुद्रण झाले. गाणे असे फारसे नव्हतेच. ताफा एका ठेक्यावर रंगला होता आणि ब्राउन मधूनमधून बोलत होता. चालता चालता त्याने वादकांना सूचना दिली की आता सर्वांनी थांबावे, एकट्या ड्रमवादकाने वाजवावे. आणि त्या ड्रमवादकाला बजावले की एकल वादनाची करामत दाखवू नकोस, जे चालू आहे तेच चालू ठेव. त्याने आज्ञा पाळली. चार चार मात्रांचे आठ खंड, आपल्या हिशेबाने त्रितालाच्या दोन आवर्तनांएवढे, सुमारे वीस सेकंद. मग पुन्हा सारे वाजू लागले. ठेका ऐकून ब्राउन खूश झाला आणि त्याने तेथल्या तेथे त्या तुकड्याचे बारसे केले: ‘फंकी ड्रमर’. म्हणजे ड्रमवादकाच्या गौरवार्थच ते नाव पडले. १९७० साली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. रचनाकार म्हणून नाव एकट्या जेम्स ब्राउनचे. ज्याच्या गौरवार्थ शीर्षक ठेवले, त्याचा धंदा शीर्षकात आला, नाव मात्र आले नाही.

त्या वीस सेकंदांत असे काय होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. उजवा हात पायाने मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांच्या जोडीवर बारीक, एकसारखी लय कातीत आहे. मधेच एखाद्या ठिकाणी ती जोडी किंचित उघडते आणि एक निःश्वास निसटतो. पाय मोठ्या ढोलावर अनपेक्षित जागी पडतो. डावा हात खाली तारा ताणलेल्या चपट्या ढोलावर ठळक आघात तर करतोच. पण दोन ठळक आघातांच्या मधल्या जागेत तो इतके हलके, दबलेले आघात पेरतो की ते ऐकू येतात की नुसते जाणवतात हे सांगणे कठीण. आपल्याकडे उत्तम तबलावादक विलंबित ठेक्यात जी भरी घालतो, तिची आठवण व्हावी असे ते काम आहे. ऐकणाऱ्याला वाटते ठेका साधा आहे. बसवू जाता हात कबुली देतो की साधा नाही.

१९७१ च्या सुमारास तो ब्राउनच्या ताफ्यातून बाहेर पडला आणि विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या गावी स्थायिक झाला. तेथे वर्षानुवर्षे दर सोमवारी रात्री आपल्या लहानशा ताफ्यासह तो वाजवीत असे. नंतर बरीच वर्षे आकाशवाणीच्या एका कार्यक्रमातही त्याची साथ असे. येथवरची कथा हजारो साथीदारांची आहे. तीत नवल नाही.

नवल पुढे घडले. १९८० नंतर अशी यंत्रे निघाली की कोणत्याही ध्वनिमुद्रिकेतील तुकडा उचलून साठवावा, आणि तोच तुकडा चक्राकार फिरवीत त्यावर नवे गाणे उभारावे. १९८६ साली ‘फंकी ड्रमर’ एका संग्रहात पुन्हा प्रसिद्ध झाले आणि त्यातला ठेका सुटा काढून, लांबवून, त्याच संग्रहात जोडपत्रासारखा दिला गेला. मग काय विचारता! न्यू यॉर्क व लॉस एंजेलिसच्या तरुण रॅप गायकांनी तो उचलला. पब्लिक एनिमी या गटाचे १९८९ सालचे ‘फाइट द पॉवर’ हे त्यांतले बहुधा सर्वांत गाजलेले गीत. इंग्लंडातील मवाळ प्रेमगीतांतही तो शिरला. आजवर हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिकांत तो ठेका वापरला गेला आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उचलल्या गेलेल्या तुकड्यांत त्याची गणना होते. वाचकांच्या नातवंडांनीही तो ऐकला असेल, कोणाचा हे न कळता. या साऱ्यांतून स्टबलफील्डला हक्क म्हणून एक छदामही मिळाला नाही.

हा अन्याय कोणा एका दुष्टाने केला असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते; दुष्टास दुष्ट म्हटले की काम संपते. येथे सर्व काही रीतसर झाले. अमेरिकेच्या कायद्याने गाण्यात दोन मालमत्ता मानल्या जातात, एक रचनेची आणि एक ध्वनिमुद्रणाची. रचना ज्याच्या नावे नोंदली त्याची, ध्वनिमुद्रण कंपनीचे. वादकाला त्या दिवसाचा रोज मिळाला, हिशेब मिटला. १९९१ साली न्यू यॉर्कच्या न्यायालयाने दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा विनापरवाना वापरणे ही चोरीच होय असा निवाडा दिला, तेव्हा उचलेगिरीस आळा बसला आणि मोबदला देण्याचा प्रघात पडला. पण मोबदला कोणाला? मालकाला. ज्याचा हात त्या तुकड्यात प्रत्यक्ष वाजत होता, तो दोन्ही खात्यांत कोठेच नव्हता. चोरीचा माल परत मिळू लागला, आणि तरी ज्याच्या घरून तो गेला होता ते घर रिकामेच राहिले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ताफा ब्राउनने बांधला, पैसे त्याने गुंतविले, वादक त्याने पारखले. ठेक्यावर सारे थांबावे ही सूचनाही त्याचीच. ती नसती तर तो ठेका तुताऱ्यांखाली दबून राहिला असता आणि कोणालाही उचलता आला नसता. शिवाय ठेका म्हणजे कोणाची मिरास आहे काय? त्रिताल कोणी निर्माण केला म्हणून त्याच्या वारसांना आपण रॉयल्टी देतो काय? तालावर मालकी सांगू लागलो तर उद्या वाजविणेच बंद पडेल. स्टबलफील्डचा ठेकाही न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांपासून चॅटनूगाच्या कारखान्यांपर्यंत कोठून कोठून झिरपत आला होता.

या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो चुकीच्या वस्तूला लागू केला जात आहे असे आमचे मत आहे. ताल सर्वांचा, हे खरे. परंतु ठेक्याची निकासी वाजविणाऱ्याची असते. ‘धा धिं धिं धा’ हे बोल शाळकरी पोरालाही येतात. तरी अहमदजान थिरकवांचा ठेका भिंतीआडून ऐकला तरी जाणकार ओळखीत. आणि येथे तर उचलणाऱ्यांनीच या वादाचा निकाल देऊन ठेवला आहे. त्यांना नुसता मात्रांचा आराखडा हवा असता, तर कोणत्याही पोटभरू ड्रमवादकास बोलावून तो वाजवून घेता आला असता. कायद्याची कटकटही उरली नसती. तसे न करता त्यांनी ती वीस सेकंदेच उचलली. तो हात, तो दाब, झांजांतून निसटलेला तो निःश्वास. बदली माणसाने काम भागत नव्हते, म्हणूनच उचलावे लागले. ज्याच्या जागी दुसरा चालत नाही, त्याला निनावी म्हणणे हा व्यवहार असू शकेल, सत्य नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. नावाची एवढी हाव कशाला? कर्म करावे, फलावर दृष्टी ठेवू नये, हेच ना आपण मुलांना शिकवितो? साथीदाराने तर आपले अस्तित्व मुख्य गायकात विरघळवून टाकावे, यातच त्याची थोरवी. हा आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांपुढे मांडला आणि आठवडाभर त्यावर आमचे मन घोटाळत राहिले. शेवटी असे दिसले की निष्कामता हे कर्त्याचे व्रत आहे, आणि ते त्याने स्वतः घ्यावयाचे असते. फळ खाणाऱ्याने झाड लावणाऱ्याला ‘तू निष्काम राहा’ असा उपदेश करणे, ही त्या थोर तत्त्वाची विटंबना होय. नाव सोडणे आणि नाव पुसले जाणे या दोहोंत कृतीचे रूप बाहेरून एकच दिसते. पत्रिकेवर दोन्ही वेळा जागा रिकामीच राहते. पण एका ठिकाणी ती दात्याने रिकामी ठेवली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी घेणाऱ्याने. त्यागाचे पुण्य पहिल्या रिकाम्या जागेला आहे. दुसरीला आपण ते उगीचच देऊ करतो, कारण त्याने आपले देणे फिटल्यासारखे वाटते. जरा जपून निरीक्षण केले तर असेही आढळेल की ‘नावात काय ठेवले आहे’ हे सुभाषित ज्यांचे नाव मोठ्या टाइपात छापलेले असते त्यांच्याच मुखी बहुधा येते.

स्टबलफील्डने स्वतः मुलाखतींत सांगितले होते की पैशाइतकेच, किंबहुना पैशाहून अधिक, नाव न दिल्याचे आपणांस वाईट वाटते. हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. पैसा बुडाला तर माणूस गरीब होतो. नाव बुडाले तर त्याने केलेली गोष्ट त्याने केलीच नव्हती असे होते.

अमेरिकेस नावे ठेवण्यापूर्वी आपल्या घरात डोकावले पाहिजे. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातील जे गाणे घरोघर पोहोचले, त्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे छापलेले होते. ते पडद्यावरील पात्राचे नाव. गाणारी कोण, म्हणून श्रोत्यांनी आकाशवाणीकडे पत्रे धाडली तेव्हा शोध घेऊन खरे नाव जाहीर करावे लागले. ती गायिका म्हणजे आपल्या मंगेशीच्या दीनानाथांची ज्येष्ठ कन्या. लता मंगेशकरांचा आवाजही जेथे पात्राच्या नावावर खपला, तेथे वाद्यवृंदाची काय कथा! मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आपल्या गोव्याच्या मुलांनी दशकानुदशके वाजविले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ती मुले शिफ्टवर जात, समोर ठेवलेला कागद वाजवीत आणि रोज घेऊन घरी परतत. तबकडीवर गायक, गीतकार आणि संगीत दिग्दर्शक यांची नावे येत. त्यांची नावे कोठेच येत नसत.

येथे मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांची आठवण होते. उत्कृष्ट व्हायोलिनवादक, संयोजक, आणि संगीत दिग्दर्शक प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका विनोदी गाण्यात गुरूचे नाव कृतज्ञतेने गुंफले, आणि ते सबंध देशाच्या तोंडी बसले. मात्र त्या नावाचा खराखुरा माणूस हयात आहे, हे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते? २०१२ साली ते निवर्तले. स्टबलफील्डचे काम जगाच्या कानी पडले, त्याचे नाव पडले नाही. गोन्साल्विसांचे नाव सर्वांच्या कानी पडले, काम नव्हे. दैवाने दोघांची थट्टा केली, आणि ती एकाच नाण्याच्या दोन बाजूंनी.

आता त्या घटनेकडे वळू, जिने हा विषय आमच्या डोक्यात घातला. १९९७ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, स्टबलफील्डने स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढला. त्याचे नाव ‘रिव्हेंज ऑफ द फंकी ड्रमर’. म्हणजे त्या ठेकेवाल्याने उगवलेला सूड. तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांसाठी वाजविल्यावर मुखपृष्ठावर त्याचे नाव आले. सूड हा शब्द आमच्या संस्कारांस प्रथम खटकला. पण हा सूड कसा? कोणाला न्यायालयात खेचले नाही, कोणाची निंदा केली नाही. जो ठेका निनावी फिरत होता त्याच्याशेजारी आपले नाव नेऊन ठेवले, एवढेच. आणि मजा अशी की त्यासाठीही त्याला ब्राउनने दिलेलीच उपाधी वापरावी लागली. ‘क्लाइड स्टबलफील्ड’ म्हटले तर दुकानातील गिऱ्हाइकाने ओळखले नसते. ‘फंकी ड्रमर’ म्हटल्यावर कान टवकारले असते. आपले नाव परत मिळविण्यासाठी माणसाला आपल्या टोपणनावाची चिठ्ठी दाखवावी लागली.

त्या अल्बमने त्याचे देणे फिटले काय? नाही. वीस सेकंदांचा तो ठेका ज्या करोडो कानांपर्यंत गेला, त्यांतल्या फारच थोड्यांपर्यंत हा अल्बम पोहोचला. येथे आमचे मत जरा निराळे आहे, आणि काही वाचकांस ते रुचणार नाही. साथीदाराने अखेर एकल वादन केले, म्हणजे तो पायरी चढला, असे समजण्याची आपली रीत आहे. वृत्तपत्रे अशी बातमी ‘अखेर पडद्याआडून पुढे’ अशा थाटात देतात. जणू साथ ही उमेदवारी आणि स्वतंत्र वादन ही कायम नोकरी! वस्तुतः साथ ही स्वयंपूर्ण विद्या आहे. गायकाने कोठे श्वास घ्यावयाचा आहे हे त्याच्या आधी ओळखणे, तो चुकला तर समेवर त्याला न कळेल असे सावरून घेणे, आपल्याला येणाऱ्या शंभर गोष्टींपैकी नव्वद्याण्णव न वाजविणे, हे कोणत्या एकल वादनात शिकता येते? स्टबलफील्डची सर्वश्रेष्ठ कामगिरी एकल वादनाची मनाई असताना घडली, हा योगायोग नव्हे. त्याला पुढे आणून बसविण्याची गरज नव्हती. तो जेथे बसला होता तेथेच त्याच्या नावाची पाटी लावण्याची गरज होती.

आपल्याकडे ही विद्या अजून समजणारे होते. गंधर्व नाटक मंडळीत थिरकवांची साथ ऐकण्यासाठीच काही रसिक तिकीट काढीत, असे जुने लोक सांगत. पुढे त्यांच्या स्वतंत्र वादनाच्या मैफली झाल्या, १९७० साली पद्मभूषण मिळाले. पण साथ त्यांनी कमी लेखली नाही. आणि आमचे पर्वतकर खाप्रुमामा! १९५३ साली ते गेले. ‘लयभास्कर’ म्हणून ज्यांचा लौकिक झाला, त्यांच्या लयीच्या हिशेबापुढे मोठमोठे उस्ताद हात जोडीत. हे सारे खरे असले तरी, ही दोन नावे घेताच आपण थांबतो. तिसरे, चौथे, दहावे नाव आपल्याला आठवत नाही. उत्सव मात्र दरवर्षी होतात, आणि त्यांत दरवर्षी कोणीतरी तबला वाजवितोच.

अलीकडचे एक उदाहरण आपल्या देशातले आहे आणि त्याचा सूर अधिक प्रसन्न आहे. नृत्यांगना सितारादेवी यांचे पुत्र रणजित बारोट हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दीर्घकाळ ड्रमवादक व संयोजक म्हणून काम करीत होते. त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम ‘बडा बूम’ २०१० साली निघाला. त्यात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासारखे जगविख्यात कलावंत साथीला होते. येथे आम्हांस एक गोष्ट लक्षणीय वाटली. ‘स्वतःचा’ म्हणून जो अल्बम निघतो, त्यातही साथीदार असतातच. काल जो दुसऱ्यामागे बसत होता, त्याच्यामागे आज दुसरे बसतात. तेव्हा खरी कसोटी अशी की, आपण मागे असताना आपल्याला जे मिळाले नाही, ते पुढे आल्यावर आपण मागच्यांना देतो की नाही.

कायदा हळूहळू जागा होत आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या देशात वादकाला ‘प्रयोगकर्ता’ म्हणून काही हक्क प्रथम मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला मानधनातील वाट्याबरोबरच, आपल्या वादनाचा कर्ता म्हणून आपला निर्देश व्हावा हे मागण्याचा नैतिक हक्कही मिळाला. पण त्याच कायद्यात चित्रपटासंबंधी एक मेख आहे. ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव कोठेच दिले जात नाही, त्याला बव्हंशी प्रयोगकर्ता मानावयाचे नाही. म्हणजे नाव देत नाहीत म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव देत नाहीत. वकिलांना यात काही वावगे दिसत नसावे.

स्टबलफील्डला पुढे दुर्धर व्याधींनी गाठले. कर्करोग झाला, मूत्रपिंडे निकामी होत गेली. आरोग्यविमा नव्हता. त्याच्या उपचारांच्या खर्चाचा मोठा भार प्रिन्स या सुप्रसिद्ध गायकाने गुपचूप उचलला होता, आणि प्रिन्सच्या मृत्यूनंतर, २०१६ साली, स्टबलफील्डनेच ते उघड केले. देणाऱ्याने आपले नाव लपविले, आणि ज्याचे नाव जन्मभर लपविले गेले त्याने ते जगाला सांगितले. प्रस्तुत लेखातील त्याग आणि अपहार यांच्या भेदाला याहून चांगला दाखला आम्हांस सापडला नसता. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी स्टबलफील्ड मॅडिसन येथे निवर्तला. विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. ती प्रत्यक्ष अर्पण झाली तेव्हा तो हयात नव्हता.

हे सारे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही गेल्या उत्सवात तबल्याला बसलेल्या गृहस्थांकडे गेलो. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. आमच्या आठवणीत उत्सवाची बैठक त्यांच्याशिवाय झालेली नाही. बाहेरगावचे तबलावादक गाडी चुकली म्हणून आले नाहीत अशा प्रसंगी, जेवणाच्या पानावरून उठून त्यांनी बैठक सावरल्याचे आम्ही पाहिले आहे. ओसरीवर ते तबल्याची गादी दुरुस्त करीत बसले होते. आम्ही चाचरत पत्रिकेचा विषय काढला आणि चूक कबूल केली.

ते बराच वेळ बोलले नाहीत. गादीचा टाका घालून झाल्यावर म्हणाले, “ती पत्रिका नातीने वाचून दाखवली. विचारत होती, आजोबा, स्थानिक कलाकार म्हणजे कोण?”

“मग काय सांगितलेत?”

“म्हटले, असेल कोणी इथलाच.”

आमच्याच्याने वर पाहवेना. थोड्या वेळाने, काहीतरी करावे म्हणून, आम्ही विचारले की या विषयावर आम्ही एक लेख लिहीत आहोत, त्यात आपले नाव सविस्तर परिचयासह दिले तर चालेल काय.

“लेखात नको,” आबा म्हणाले. “लेख माझ्यावर नाही, तुमच्या मनाच्या टोचणीवर आहे. तो तुमचा तुम्ही लिहा. माझे पत्रिकेत घाला. जिथे हार्मोनियमवाल्याचे असते ना, त्याच्याशेजारी, त्याच टाइपात.”

यंदाच्या पत्रिकेची मुद्रिते कालच आली आहेत.